नानांना सांगितलेली खोटी पुस्तकं

पारोळ्याहून निघालो त्या दिवशी माझी बॅग कापसाच्या काट्यावर तोलली होती. विमानवाले किलोभर वजनासाठी माणसाला परत घरी पाठवतात, असं कुणीतरी नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कानात भरलेलं. मग काय, नाना मला बॅगेसकट मार्केटात घेऊन गेले. वजन जास्त भरलं. नानांनी माझे दोन स्वेटर काढून फेकले आणि आपली आवडती चार पुस्तकं कोंबली. म्हणाले, "थंडी निंघी जाई. मराठी पुस्तक तठे भेटाव नही."

तर मंडळी, गावात राहिलेली आणि माझ्यासारखी पळालेली, थंडी निघून जात नाही. मी कॅनडात, विनिपेगला राहतो. इथे एवढा बर्फ पडतो की एकदा तीन दिवस शेजाऱ्याची गाडी माझी समजून खणत होतो. तो खिडकीतून हात हलवायचा. मला वाटायचं, किती प्रेमळ माणूस!

नाना गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल, शिपाई आणि न्यायाधीश. त्यांचा नियम एकच होता: पुस्तक परत करताना टेबलापुढं उभं राहून त्यात काय आहे ते सांगायचं. सांगितलं तरच दुसरं मिळणार. बठ्ठा गाव, अगदी अख्खा गाव, सांगायचा. मी तेवढा वाचत नसे. मुखपृष्ठ बघायचो, कधी तेही नाही, आणि ठोकून द्यायचो. एकदा मी नायकाला साप चावून मारलं, पार बायकोच्या मांडीवर. रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. नाना शांतपणे म्हणाले, "साप कोणत्या पानावर चावना? दाखव." पुस्तक निघालं केळी लागवडीचं. त्या शरमेनं मी आठवडाभर केळं खाल्लं नाही, आणि जळगाव जिल्ह्यात ते उपासमारीसारखंच.

आता वाचनालयाला कुलूप आहे. नाना घरीच असतात. या फेब्रुवारीत माझ्या शिफ्ट कमी झाल्या, हीटरजवळ बसून मी ती चार पुस्तकं पहिल्यांदा वाचली. हो, पहिल्यांदा. इतकी वर्षं ती माझ्या लॉन्ड्रीच्या टोपलीखाली टेकू म्हणून होती. आठवड्याला एक वाचायचं आणि रविवारी नानांना फोनवर सांगायचं. माझी सकाळ, त्यांची संध्याकाळ.

पहिलं पुस्तक विहीर खणणाऱ्या माणसाचं. तुम्हालाही सांगतो, मिळालं तर सोडू नका. तो जन्मभर खणतो आणि शेवटपर्यंत पाणी लागत नाही. मी तीन वेळा वाचलं. पण जुनी खोड! नानांनी पकडावं म्हणून सांगितलं, "नाना, शेवटी असं पाणी उसळलं की गाव वाहत वाहत भडगावला गेलं, तिथून गिरणा नदीत." मी वाट बघत होतो. नाना म्हणाले, "चांगलं शे."

दुसऱ्या रविवारी एका मुख्याध्यापिकेचं आत्मचरित्र. सारखी बदली होणारी बाई, दर गावात पहिल्यापासून सुरुवात करते. आपल्यासारख्यांनी तर वाचावंच. मी त्या बिचारीचं लग्न सर्कशीतल्या सिंहवाल्याशी लावून दिलं. "चांगलं शे." तिसरं पक्ष्यांचं होतं. मी टिटवीला चार पाय दिले. "चांगलं शे."

मी घाबरलो. नानांचं डोकं गेलं, असं वाटलं. अक्काला, मोठ्या बहिणीला, फोन लावला. तीच नानांजवळ असते.

"डोकं तुझं गेलंय, भाऊ," अक्का म्हणाली. "फोन ठेवला की मला सगळं सांगतात. म्हणतात, पाणी लागतच नही त्या विहिरीले, बठ्ठं खोटं सांगस तो."

"मग मला का नाही म्हणत?"

"म्हणतात, मी टोकसू तर फोन करानं सोडी देई. बोलू दे त्याले." मग तीच पुढे म्हणाली, "गुडघा पार गेलाय त्यांचा. ओट्यापर्यंतसुद्धा जाववत नाही. तुला सांगू नको म्हणालेत."

चौथं पुस्तक मी नावाड्यांच्या गोष्टींचं वाचलं आणि शब्दन् शब्द खरा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा. विहिरीला पाणी लागलं नव्हतं, हेही कबूल केलं. म्हटलं, "नाना, रागवा ना." ते हसले. व्याह्यांपुढं हसतात तसं, मान राखून. "तू सांगस ते खरंच शे," म्हणाले.

पाहुण्याच्या चुका कोणी काढत नाही. भाजीत मीठ जास्त झालं तरी पाहुणा छान म्हणतो, आणि पाहुणा काहीही बरळला तरी घरचे माना डोलावतात. घर काय असतं ते मला आता कळलं. तिथं आपल्याला भर रांगेत खोटं पाडतात. तसं घर मला आता नाही. पारोळ्यातही नाही. तिकीट काढून गेलो तरी नाना उठून खुर्ची देतील.

फोन ठेवता ठेवता विचारलं, "तब्येत कशी, नाना?"

"मस्त शे. रोज सकाळे किल्ल्याले चक्कर मारस."

मी म्हणालो, "छान."