टायरचा घासलेला काठ

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मित्रांपाशी नाही — आणि ज्याच्यापाशी बोलायला हवं होतं, त्याच्या घरी तर मी दर दिवाळीला पुरणपोळी हाणून येतो. वर तूप मागून घेतो. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखत असता तर तुमच्याशीही खोटंच बोललो असतो.

गोष्ट टायरची आहे. हसलात ना? हसा. मलाही ती बरेच दिवस हसण्यावारीच न्यायची होती.

मी नाशिकचा. अंबडच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचं काम करतो. एखाद्या पार्टवर केसाएवढा ओरखडा दिसला तरी मी तो नापास करतो, आणि ज्याने तो बनवला त्याला सगळ्यांसमोर बोलावून दाखवतो. लोक मला वचकून असतात. आवडतं मला ते — आवडायचं. आठवडाभर दुसऱ्यांचे ओरखडे शोधायचे आणि सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल पळवायची, असा माझा संसार. आमचा एक ग्रुपच होता. कुणी द्राक्षबागायतदार, कुणी वकील, कुणी औषधांच्या दुकानाचा मालक. बक्षीस-बिक्षीस काही नाही, नुसती हौस. सिन्नरच्या पलीकडे कारखान्यांसाठी रस्ते आखून ठेवलेत, पण कारखाने काही आले नाहीत. परवानगी काढून ते रस्ते आम्ही बंद करायचो, वळणावळणावर कांद्याच्या रिकाम्या गोण्यांत भुसा भरून त्यांची थप्पी लावायचो आणि शर्यत घ्यायचो. गोण्या चांदवडहून यायच्या. प्रशांतच्या घरून.

प्रशांतचं सांगतोच. पण आधी टायर.

मोटरसायकल वळताना कलते, हे तुम्हाला माहीत आहे. जितकी जास्त कलेल तितका टायरचा कडेचा भाग रस्त्याला लागतो आणि झिजतो. जो घाबरतो, त्याची गाडी कलतच नाही. त्याच्या टायरचा मधला भाग झिजतो आणि दोन्ही कडांना बोटभर कोरा पट्टा राहतो — चकचकीत, नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केससुद्धा जागच्या जागी. आमच्या ग्रुपात या पट्ट्याला ‘पैठणी’ म्हणायचे. काठ असतो ना, म्हणून. चहाच्या वेळी सगळे गाड्यांच्या मागे उकिडवे बसायचे आणि बैलाचे दात बघावेत तसे एकमेकांचे टायर बघायचे, कडेवरून अंगठा फिरवून. काठ सापडला की झालंच. ‘काय हो, येवल्याहून आणली का?’ ‘वहिनींची नेसवली काय गाडीला?’

माझ्या टायरला काठ होता. चांगला रुंद.

मी घाबरायचो. हे एवढं लिहायला मला किती वर्षं लागली बघा. वळण आलं की माझे खांदे आवळायचे, हात ब्रेककडे जायचा आणि गाडी सरळच्या सरळ राहायची. त्यात लाज कसली? चाळिशीला टेकलेला, घरदार असलेला माणूस घाबरला तर बिघडलं कुठे? कुणीही हेच म्हणालं असतं. पण मी त्या ग्रुपात सगळ्यांना शिकवणारा होतो ना! पुस्तकी ज्ञान माझ्याकडे भरपूर. कुठला टायर घ्यावा, हवा किती ठेवावी, वळणात नजर कुठे असावी — सगळे मला विचारायचे. मी मागे पडलो की गाडीवर ढकलायचो. गाडी जुनी झाली, ओढत नाही. पण वळणात बघा माझं, वळणात! आणि वळणातलं बघायला तर कुणी थांबलेलं नसायचं. नंतर बघायचा तो टायर.

म्हणून एका शनिवारी दुपारी, बायको भाजी आणायला गेलेली असताना, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बसून मी माझ्या टायरचा काठ पॉलिश पेपरने घासून काढला.

किळस येते मला त्या दुपारची. कारखान्यातून आणलेला पेपर, घामाने चिकट झालेला हात, फरशीवर पडलेली रबराची काळी भुकटी. मागचं चाक हाताने फिरवत होतो आणि घासत होतो. मध्ये कुणी जिन्यावरून उतरलं की साखळीला तेल द्यायचं नाटक करत होतो. एक बाजू मन लावून केली — हळूहळू, गुळगुळीत. दुसऱ्या बाजूला असताना फाटकाशी बायकोचा आवाज आला आणि ती घाईघाईत उरकली. जेवताना नखांत काळं होतं. मेथीच्या भाजीला रबराचा वास येत होता. बायको म्हणाली, ‘किती राबता हो त्या गाडीवर!’ मी काय म्हणालो असेन? ‘करावं लागतं,’ म्हणालो.

आता प्रशांत. माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. चांदवडला घर, घरचा कांदा. तो माझ्यामुळेच या नादाला लागला. मला दाजी म्हणतो. मी सांगितली ती गाडी त्याने घेतली, मी सांगितले तेच टायर बसवले. आणि तो घाबरत नव्हता. पहिल्या काही फेऱ्यांतच त्याच्या टायरचा काठ गेला — खरा गेला, रस्त्याने नेला. मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता. मला त्याचा राग यायचा.

त्या शनिवारनंतरच्या शर्यतीच्या दिवशी, सकाळच्या सरावात तो सगळ्यांत पुढे होता. परत आला तेव्हा त्याच्या मागच्या टायरच्या कडेचं रबर सोलवटून त्याच्या बारीक गोळ्या झाल्या होत्या. ही चांगली खूण असते — टायर रस्ता धरतोय, काम करतोय. पण त्याला ते नवीन होतं. तो घाबरला, की टायर खराब होतोय. आणि मग तो माझ्या गाडीमागे येऊन बसला. मी मन लावून घासलेल्या बाजूच्या कडेवरून अंगठा फिरवला. माझा टायर गुळगुळीत, एकसारखा. पॉलिश पेपर एकसारखंच घासतो ना!

‘दाजी, तुमचा बघा कसा झिजलाय, अगदी कडंपर्यंत. माझा तर निस्ता ओरबाडल्यागत झालाय. हवा किती ठेवली हो?’

इथे तुम्हाला हवेचं थोडं सांगायला हवं. हवा कमी असली की टायर रस्त्यावर पसरतो, जास्त जागा धरतो. जास्त असली की टणक होतो आणि वळणात पकड सोडतो. शिवाय जोरात पळवला की तो तापतो आणि आतली हवा आणखी फुगते. म्हणून शर्यतीला हवा मुद्दाम कमी ठेवतात. प्रशांतने अठ्ठावीस ठेवली होती आणि ती बरोबर होती. मी तेहतीस ठेवायचो, रोज कामाला जाताना ठेवतो तेवढीच, कारण कमी हवेत गाडी डुलल्यासारखी वाटते. माझ्या वेगाला टायर तापायचाच नाही. तेहतीस ठेवली काय आणि चाळीस ठेवली काय!

‘तेहतीस,’ मी म्हणालो.

आकडा खरा होता, बरं का. मी नंतर स्वतःला हे कितीतरी वेळा ऐकवलंय — मी आकडा खोटा सांगितला नाही. काय पण सत्यवादी! आकडा खरा, टायर खोटा. आणि तो आकड्यावर नव्हे, टायरवर विश्वास ठेवत होता. त्याला सांगायला एकच वाक्य पुरे होतं: माझं बघू नकोस बाबा, मी एवढी गाडी कलवतच नाही. ते वाक्य माझ्या तोंडात आलंही होतं. पण वकील शेजारीच चहा पीत उभा होता. तो म्हणाला, ‘शिक जरा दाजींकडून.’ आणि मी ते वाक्य गिळलं. वर छान हसलो.

प्रशांतने पायपंपाने हवा भरली. आकडा बघायला गेज मी धरला. हो, मीच धरला. ‘अजून थोडी,’ असंसुद्धा म्हणालो.

दुपारची शर्यत. डांबर तापलेलं. पाण्याच्या टाकीजवळ एक लांब उजवं वळण आहे. प्रशांत पुढे होता आणि मी मागे, बराच मागे, त्यामुळे मला सगळं स्वच्छ दिसलं. त्याने सकाळसारखीच गाडी कलवली. मागचं चाक सटकलं, बाहेर गेलं, मग त्याने एकदम रस्ता धरला आणि गाडीने प्रशांतला वर उडवलं. तो उजव्या हातावर पडला. गाडी त्या हातावरून घासत गेली आणि दोघं गोण्यांच्या थप्पीत घुसले. गोण्या फाटल्या, भुसा उडाला. त्याच्या आईने शिवलेल्या गोण्या होत्या त्या.

मी गाडी थांबवून धावलो, हे खरं. धावताना माझ्या मनात काय होतं माहीत आहे? आता कुणी माझा टायर तर बघणार नाही ना.

स्वतःवर थुंकावंसं वाटतं.

दवाखान्यात बायको रडत आली. ‘कसं झालं हो?’ मी म्हणालो, ‘हवा जास्त भरली त्याने. किती वेळा सांगावं माणसाने!’ प्रशांत पलंगावर जागाच होता. त्याने ऐकलं. माझ्याकडे बघितलं — रागाने नाही, जरा चकित होऊन — आणि मग बहिणीला म्हणाला, ‘हा ना ताई, माझीच अक्कल. दाजी नको म्हणत व्हते.’

बघा. तो माझ्यासाठी खोटं बोलला. त्याला वाटलं असेल, दाजी ताईला घाबरले. आपल्यापायी त्यांच्या घरात भांडण नको. एवढंच त्याच्या लक्षात आलं, कारण टायरचं त्याला काही ठाऊकच नव्हतं. त्याचा हिशोब सरळ होता: दाजी त्याच हवेवर कडेपर्यंत जातात आणि पडत नाहीत, म्हणजे चूक माझी.

त्याची मूठ आता मिटत नाही. मनगट आणि कोपर दोन्ही गेली. उजव्या हातानेच गाडीचा वेग वाढवायचा, उजव्या हातानेच पुढचा ब्रेक दाबायचा — म्हणजे मोटरसायकल संपली. पण मला टोचतं ते वेगळंच. तो डाव्या हाताने जेवतो. लग्नाच्या पंगतीत अगदी टोकाला जाऊन बसतो, कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. वाढपी पोळी घेऊन येतो, डावा हात बघून क्षणभर थांबतो, आणि प्रशांत आपला उजवा हात वर करून दाखवतो. प्रत्येक वेळी. मी त्याच पंगतीत उजव्या हाताने भात कालवत असतो.

मी का सांगितलं नाही, याची कारणं आहेत माझ्याकडे. ती इथे लिहीत नाही. ती ऐकायला फार बरी वाटतात.

गाडी विकल्यावर त्याने चांदवडला घराच्याच पुढच्या खोलीत मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. मीही शर्यती सोडल्या. मेहुण्याचं असं झालं, मन लागत नाही — असं सांगून सोडल्या, आणि लोकांनी माझं कौतुक केलं. माझा तो मागचा टायर काढून मी भंगारात देणार होतो. प्रशांतने मागून घेतला. ‘दुकानात लावतो दाजी, शोभंल.’ नाही कसं म्हणणार? गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर खिळा ठोकून त्याने तो टांगला. नवीन पोरं येतात, त्यांना तो दाखवतो. ‘हा आमच्या दाजींचा. काठ बघा, हाय का कुठं? याला म्हंत्यात गाडी चालवणं. म्या बी केलं, पण मला नाय जमलं. जिगर लागते.’ हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तिथेच स्टुलावर बसून, त्याने मागवलेला चहा पीत.

गेल्या भाऊबीजेला आम्ही गेलो तेव्हा दुकानाला नुकताच रंग दिलेला. टायर खाली उतरवून कोपऱ्यात ठेवला होता, आणि त्याने तो धुऊन पुसून लख्ख केला होता. ओवाळून झाल्यावर मला म्हणाला, ‘दाजी, तेवढा टांगून द्या ना. एका हातानं उचलंना मला.’

मी स्टुलावर चढलो. त्याने खालून टायर वर दिला, उजव्या कोपराचा टेकू देऊन, डाव्या हाताने. बाहेरून भरदुपारचं ऊन आत येत होतं. घाईत घासलेल्या बाजूवर पॉलिश पेपरच्या रेघा होत्या — आडव्या, तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या. टायर पळतो त्या दिशेची त्यांत एकही नव्हती. धुतल्यामुळे आणखीच उठून दिसत होत्या. सुटे भाग विकणाऱ्या माणसाला त्या रेघा कसल्या हे कळायला किती वेळ लागेल? आज नाही तर उद्या, कुणी पोरगा बोट ठेवून विचारेल. प्रशांत माझ्या पायाशी स्टूल धरून उभा होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बायको आत आईशी बोलत होती. अशी वेळ पुन्हा येणार नाही, हे मला त्या क्षणीही कळत होतं.

मी ती बाजू भिंतीकडे फिरवली आणि टायर खिळ्याला अडकवला.

‘घट बसला ना, दाजी?’ त्याने विचारलं.

‘बसला,’ मी म्हणालो, आणि त्याने डाव्या हाताने धरलेल्या स्टुलावरून खाली उतरलो.