सातावर ठरलेला सौदा

पांढुर्णा ते सौंसर या सगळ्या पट्ट्यात भाव न करणारा माणूस एकच, तो म्हणजे माझा साळा. मी संत्र्याच्या बागा घासाघीस करकरून घेत शून्यातून वर आलो. आणि हा, भाजीवालीने सांगितल्यापेक्षा जास्तच देऊन यायचा. वर म्हणायचा, "थकेल दिसत होती, भाऊजी."

मन खचून तो नागपूरच्या दवाखान्यात राहिला, आणि तिथून आमच्याकडे आला. पुढचा इलाज घरीच, मोबाईलवर. दर गुरुवारी डॉक्टर पडद्यावर यायचे. साळा चपला दाराबाहेर काढून मोबाईलपुढे बसायचा आणि डॉक्टरांसाठी चहाचा कप ठेवायचा. थंड झालेला तो चहा मीच प्यायचो. रोज सकाळी त्याच मोबाईलमधून दवाखान्याने भरून ठेवलेला एका बाईचा आवाज विचारायचा, "आज मन कसं आहे? दहापैकी किती?" साळा डोळे मिटून बराच वेळ बसायचा, "तीन" म्हणायचा आणि तोच आकडा दाबायचा.

तो तीन मला झोंबायचा. माझ्याशी दिवसभरात दोन शब्द नाहीत, आणि त्या बाईला मनातलं सगळं! शिवाय त्याची सख्खी बहीण ज्या घरात त्याला गरम पोळी वाढते, त्या घराला तीन? एक दिवस माझं डोकं फिरलं.

"आठ लाव!"

"आठ नाही होत, भाऊजी. बाईसंग झूठ कसं बोलू?"

"बरं, तुझं बी राहू दे, माझं बी राहू दे. सात."

भाव करणं त्याला कधी जमलंच नाही. त्याने सात दाबला. मग रोजच सात. तिकडे हे आकडे पाहून डॉक्टर खूश झाले, गुरुवारची भेट महिन्यावर गेली. महिना भरायच्या आतच साळ्याने अन्न सोडलं आणि आम्ही त्याला पुन्हा नागपूरला नेलं.

डॉक्टर ती सातांची रांग पाहतच राहिले. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे. साळा हळूच म्हणाला, "बोट माझंच होतं, साहेब."

आता तो सौंसरला धाकट्या बहिणीकडे असतो. परवा मी फोन केला. काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, "आज किती?"

"तुम्ही सांगा भाऊजी, किती लावू?"

"तुले जेवढं वाटून राहिलं तेवढं."

बहुतेक तो डोळे मिटून बसला असेल.

"दोन हाय, भाऊजी."

"बरं," मी म्हटलं. "दोन तं दोन."