आबांना टेन्शन देऊ नका

मंगळवारी मी आणि सून आमच्या ह्यांना घेऊन अंबाजोगाईला गेलतो, दुर्बीण घालून पोट तपासायला. आणि येताना वेगळाच माणूस घरी घेऊन आलो... सांगतेच.

दिवाळीनंतर ह्यांना लई थकवा यायला लागला. चेहरा पांढराफट, अंगात रक्त कमी. तपासलं तर लिव्हर खराब निघालं. दारूला कधी शिवला नाही हा माणूस, तरी लोक हळूच विचारणार, "घेत होते का हो?"... जाऊ द्या, तो विषय वेगळा.

तर पहिला रिपोर्ट आणायला पोरगा एकटाच गेलता. येऊन म्हणाला, "आबाला पोर्टल हायपरटेन्शन हाय." मला त्यातलं टेन्शन तेवढं कळलं. हायपर म्हणजे जास्त, हे सुनेला माहीत. झालं! मी घरात हुकूमच काढला, ह्यांना कसलंच टेन्शन द्यायचं नाही.

टीव्हीवरच्या बातम्या बंद. बांधावरून भावकीत वाजलं ते दाबून ठेवलं, म्हैस आटली तेही सांगितलं नाही. हे घरात आले की आम्ही सगळे गप्प... आणि तोंडावर हसू.

पण ह्यांचं जेवणच कमी होत चाललं. एकदा म्हणाले, नारायणगडाला दर्शनाला नेऊन आणा. मग पैशाच्या पेटीची किल्ली सुनेच्या हातात दिली. मला वाटलं, देवाधर्मात मन रमतंय, बरंच आहे की!

मंगळवारी दुर्बीण झाली. डॉक्टर मॅडम आमच्या नातीच्या वयाच्या. त्या काही बोलायच्या आत ह्यांनी हात जोडले. "मॅडम, खरं सांगा. किती दिवस ऱ्हायले माझे?"

"कसले दिवस, आबा?"

"मी आलो की घरातले समदे गप होतात. ही बाई तर माझ्याशी भांडंना झालीय. मला काय कळत न्हाई व्हय?"

माणूस आतल्या आत मरणाची तयारी करत होता, आणि आम्ही समोर बसून हसत होतो... मी मॅडमना टेन्शनचं सगळं सांगून टाकलं. त्या आधी हसल्या, मग खुर्ची पुढं ओढून बसल्या.

"आजी, हे डोक्यातलं टेन्शन नाही, रक्ताचा दाब आहे. पोटातलं रक्त लिव्हरमधून पुढं हृदयाकडं जातं. आबांचं लिव्हर कडक झालंय, म्हणून ते मागं अडतं. मग जठराच्या अस्तरातल्या बारीक नसा फुगतात आणि थोडं थोडं रक्त पाझरतं."

हे मधेच म्हणाले, "म्हंजी रस्त्याखालच्या नळीत गाळ बसला की पाणी मागं तुंबतं आन् वरचं रान पाणी साचून चिभडतं, तसं?"

"अगदी तसंच."

स्क्रीनवर दाखवलंही. आतून सगळं सापाच्या कातीसारखं, मधे मधे लाल ठिपके. लिव्हर नवं होणार नाही म्हणाल्या, पण दाब कमी करायची गोळी रोज घेतली, वेळेवर तपासलं तर आबा आपल्या पायानं शेतात जातील. आणि गुडघ्यासाठी हे मनानंच मेडिकलमधून पेनकिलर आणायचे, ती एकदम बंद. त्यानं अस्तरातून जास्त रक्त जातं.

बाहेर आल्यावर हे मला म्हणतात, "म्हंजी इतके दिवस गोड बोललीस ते फुकटच गेलं की!"

येताना हे गाडीत खिडकीशी बसले. डोंगराला सीताफळाची झाडं दिसली तसे म्हणाले, "औंदा वरच्या तुकड्यात सीताफळं लावू."

सून म्हणाली, "आबा, फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात."

"लागू दे की," म्हणाले...

त्या पोरीचं, म्हणजे मॅडमचं, देव लई भलं करो. आणि चांगली रोपं कुठं मिळतात, कुणाला माहीत असेल तर खाली लिहा. ह्यांना घाई झालीय.