गास्पार राजाची अर्धी दाढी

तेयोनं जन्मभर दाढी ठेवली नव्हती. कशी ठेवणार? त्याचं कामच ठिणग्यांचं. ला कुचियाच्या वस्तीत ज्या ज्या घराच्या खिडकीला लोखंडी जाळी आहे ना, ती तेयोच्या हातची. वेल्डिंग करताना ठिणगी उडायची ती नेमकी हनुवटीवर येऊन बसायची. तिथं केस असते तर बिचारा मेणबत्तीसारखा पेटला असता. म्हणून रोज सकाळी कॉफीच्या आधी वस्तरा. त्याची बायको मोन्से म्हणायची, "या माणसानं माझ्यापेक्षा आरशाचं तोंड जास्त पाहिलंय."

मग डोळे थकले. वेल्डिंगचं यंत्र पुतण्याला देऊन टाकलं आणि त्याच दिवशी तेयोनं वस्तराही ठेवून दिला. लोकांना वाटलं, आळस. आळस नव्हता गं. त्याच्या मनात मुकुट होता.

कसं आहे, जानेवारीत आपल्याकडं तीन राजे घोड्यांवरून येतात, पोरं त्यांच्या घोड्यांसाठी पलंगाखाली खोक्यात गवत ठेवतात आणि राजे तिथं खाऊ ठेवून जातात. त्या तिघांचे पत्र्याचे मुकुट तेयोच करायचा. कापायचा, जोडायचा, सोनेरी रंग द्यायचा. त्यातला गास्पारचा, म्हणजे पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्या राजाचा मुकुट त्यानं गुपचूप स्वतःच्या डोक्याच्या मापाचा केला होता. गास्पार व्हायचा निकोमेदेस, आणि त्याचं डोकं हे एवढंसं, लिंबासारखं. मुकुट पार कानांवर येऊन टेकायचा. आत कागद कोंबून बिचारा दरवर्षी म्हणायचा, "तेयो, सैल होतोय रे."

"पुढच्या वर्षी बघतो," तेयो म्हणायचा. कधी बघितलं नाही.

यंदा निकोमेदेसचे गुडघे गेले आणि तो लेकाकडं पोन्सेला राहायला गेला. गास्पारची जागा झाली रिकामी. आणि ती कुणाला द्यायची ते ठरवणार डोन्या प्रोवी. राजांचे झगे शिवणारी तीच, घोडे ठरवणारी तीच, कोण राजा नि कोण नुसता घोड्याचा लगाम धरणारा तेही तीच सांगणार. पाद्रीबाबासुद्धा तिला विचारून शिंकतात.

प्रोवीचा नियम एकच: दाढी खरी पाहिजे. पूर्वी एकदा एका राजानं कापसाची दाढी लावली होती. एका कारटीनं ती ओढली, दाढी हातात आली, आणि त्या दिवशी अख्ख्या वस्तीतली पोरं जी भोकाड पसरून रडली, ती म्हणे खालच्या पुलापर्यंत ऐकू गेली. तेव्हापासून खरीच.

तेयोची दाढी खरी होती. पांढरीही होती. पण मऊ? अगं, तारेचा ब्रश गं तो! एकेक केस एकेका दिशेला तोंड करून उभा, जसं काही आपापसात भांडण झालंय. गाल घासला तर भांडं लख्ख होईल.

प्रोवीनं त्याला रविवारी चर्चच्या पायरीवर धरलं. चष्म्यातून पाहिलं, बोटानं दाबून पाहिलं.

"तेयो, गास्पारला वर्षभरातल्या नव्या बाळांचा पापा घ्यायचा असतो. माहितीये ना?"

"माहितीये, डोन्या प्रोवी."

"आणि ह्याच्यानं घेणार तू? बाळाचा गाल सोलून निघेल."

"अजून वाढायचीये ती. वाढली की नरम पडेल."

"लोखंडाबरोबर राहून लोखंड झालीये रे तुझी दाढी. तिकडं लिसांद्रोची बघ."

लिसांद्रो म्हणजे औषधाच्या दुकानवाला. त्याची दाढी मांजराच्या पोटासारखी, रेशीम नुसतं. तोही उभा होता तिथंच, दाढीवरून हात फिरवत. तेयोला तो हात काही आवडला नाही.

प्रोवी म्हणाली, "तालमीच्या दिवशी माझ्या नातीची पोर देईन दोघांच्या हातात. अनेलीस. ज्याच्यापाशी ती रडणार नाही, त्याचा मुकुट."

आता अनेलीस म्हणजे कोण? सहा महिन्यांची ढोली पोर, जी स्वतःच्या बापाला बघूनही रडायची. हसताना तिला कुणी पाहिलंच नव्हतं.

तेयो घरी आला तो थेट आरशापुढं, दाढी दाबत बसला. मोन्से समजली. तिनं ओरलँडोला लेकीला फोन लावला. "मिग्दालिया, तुझ्या बापाला राजा व्हायचंय आणि त्याची दाढी आडवी आलीये. तिकडं काही मिळतं का बघ."

आठवड्याभरात पार्सल आलं. इवलीशी चपटी डबी, झाकणावर दाढीवाल्या माणसाचं चित्र. तेयोनं उघडून हुंगलं.

"काय आहे?" मोन्से.

"बाम. दाढीचा."

"बाम? का, दाढी दुखतीये तुझी?"

मिग्दालियानं फोनवर सांगितलं होतं, बाबांना म्हणावं वाटाण्याएवढा घ्या, तळहातावर चोळा, मग लावा. पण ज्यानं जन्मभर लोखंड जोडलं त्याला वाटाण्याएवढं काय पटतंय? तेयोनं दोन बोटं घालून चांगला गोळा काढला, पावाला लोणी थापतात तसा दाढीला थापला. दाढी बसली हो! चापून चोपून बसली. वास मात्र असा, की मोन्से सारखी इकडं तिकडं बघायची, कुणी फरशी पुसली म्हणून.

"टोचते का बघ," म्हणून तो गाल पुढं करायचा.

"तिकडं हो म्हाताऱ्या. ती दाढी असेपर्यंत माझ्या गालाजवळ यायचं नाही, सांगून ठेवते." ऑगस्टपासून, म्हणजे वस्तरा ठेवून दिला तेव्हापासून, तिनं त्याला पापा घेऊ दिला नव्हता. पक्की होती त्या बाबतीत.

तर असा थापून थापून डबीचा तळ दिसायला लागला. तालमीला अजून आठवडा. नाताळच्या टपालाच्या गर्दीत दुसरी डबी येईपर्यंत राजे येऊन परतही गेले असते. तेयो म्हणाला, त्यात काय, मी करतो. झाकणावरच्या चित्रातल्या माणसापेक्षा माझे हात चांगले आहेत.

गेला मोन्चोकडं. मोन्चो त्याचा जुना दोस्त, लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच धरलेलं. मोन्चोकडं मधमाश्यांच्या पेट्या होत्या आणि एक घोडी होती, कानेला नावाची. गास्पार राजा दरवर्षी त्या घोडीवरूनच यायचा.

"मेण दे," तेयो म्हणाला.

"गाळून देऊ? आत्ता मधानं माखलंय."

"असू दे. मध काय वाईट असतो?"

घरी येऊन त्यानं मोन्सेची गोड भाताची कढई चुलीवर चढवली. मेण, खोबरेल तेल. हलवलं. पातळ वाटलं, अजून मेण. परत पातळ वाटलं, अजून मेण. जोड पक्की बसली पाहिजे ना! मग वासाचं काय? परसात गवती चहाचं बेट होतं. चांगली जुडी कापून आणली, कुटून आत टाकली. घरभर कसा हिरवागार वास सुटला. मोन्सेसुद्धा दारात येऊन उभी राहिली.

"वास छान आहे," ती म्हणाली. "पण माझी कढई?"

"घासून देतो."

"कशानं, दाढीनं?"

सकाळच्या गारव्यात त्यानं तो बाम लावला. लावताना मऊ होता. पण अंगणातून कोंबड्यांना दाणे टाकून येईस्तोवर दाढी झाली लाकूड! बोटानं वाजवली तर टक टक वाजली. कॉफी प्यायला तोंड उघडलं तर दाढी अख्खी एकदम वर उचलली जायची, कपाटाच्या दारासारखी. मोन्से हसून हसून खुर्चीत बसली. तेयोला काही हसू आलं नाही. तो उन्हात जाऊन उभा राहिला. आणि बघ, ऊन लागलं तशी दाढी विरघळली, लोण्यासारखी झाली. त्यानं हात फिरवला. मऊ! खरोखर मऊ, लिसांद्रोच्या तोंडात मारेल अशी.

तर ठरलं. तालीम दुपारी, उघड्या मैदानात. ऊन असणारच. तेयोनं सकाळीच बाम थापला आणि मग दाढीला काही लागू दिलं नाही, जेवलासुद्धा चमच्यानं, मान पुढं काढून, करकोच्यासारखा.

मैदानात सगळी वस्ती. प्रोवी झग्यांच्या कडा खाली सोडत बसलेली, कात्री गळ्यात अडकवलेली. बाकीचे दोन राजे झाडाखाली सावली बघून उभे. मोन्चोनं कानेलाला आणून कुंपणाजवळ धरलं.

आधी लिसांद्रो. प्रोवीनं अनेलीसला त्याच्या हातात दिलं. त्यानं ती रेशमी दाढी पुढं केली, पोरीनं एकदाच श्वास आत घेतला, आणि जी किंचाळली! दाढी कितीही रेशमी असली तरी अंगाला औषधाच्या दुकानाचा वास गं. त्या वासामागून सुई येते हे सहा महिन्यांच्या पोरीलाही ठाऊक.

"अगं, सुई नाही माझ्याकडं!" लिसांद्रो हात दाखवत म्हणाला. ती आणखी किंचाळली.

मग तेयो. मुकुट डोक्यावर ठेवला तो काय बसला म्हणून सांगू! कागद नको, काही नको. प्रोवीनं मुकुटाकडं बघितलं, मग तेयोकडं. "आत्ता कळलं," म्हणाली, "निकोमेदेसला तो सैल का व्हायचा." तेयोनं मान खाली घातली. तिनं पोर त्याच्या हातात दिली.

पोरीचे ओठ मुडपायला लागले. खालचा ओठ बाहेर आला. तेयोला घाम फुटला, दाढी उन्हात वितळून चमकायला लागली आणि गवती चहाचा नि मधाचा घमघमाट सुटला.

तो वास कुंपणापर्यंत गेला.

कानेलानं कान टवकारले. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. मोन्चो शेजारणीशी बोलत होता, लगाम कधी सुटला त्याला पत्ताच नाही. घोडीनं मागून तेयोच्या खांद्यावरून मान घातली, दाढी हुंगली, एकदा जिभेनं चाटली, आणि डावी बाजू सरळ तोंडात घेतली. तिनं तरी काय करावं? ताजं गवत, वर मध. राजांच्या घोड्यासाठीच आणलंय असं वाटलं असेल तिला.

तेयोला हलता येईना. ओरडलं तर पोर रडणार! हातात बाळ, तोंडाशी घोडी, डोक्यावर मुकुट. तो अगदी अंगाईच्या आवाजात म्हणाला, "मोन्चो... राजा... तुझी घोडी मला खातीये रे..."

"काय म्हणतोस? मोठ्यानं बोल!"

"मोठ्यानं नाही बोलता येत रे... बाळ आहे..."

घोडी रवंथ केल्यासारखी चावत होती, आणि तिच्या प्रत्येक चावण्याबरोबर तेयोचं डोकं वर खाली, मुकुट वर खाली. अनेलीसनं घोडीकडं पाहिलं. तेयोकडं पाहिलं. बाहेर आलेला ओठ आत गेला. आणि ती पोर हसली. अशी हसली, खदाखदा, पोट हलवत, की तिच्या आईनं तोंडावर हात नेला. हसणं थांबेचना.

मोन्से धावली. प्रोवीच्या गळ्यातली कात्री ओढून घेतली आणि कचकन दाढी कापली. उरलेली बाजू होती ती तेयोनं बाळाच्या गालाला हळूच टेकवली, पापा घेतला. पोर हसतच होती.

लिसांद्रो म्हणाला, "हे काही धरायचं नाही. ह्याची अर्धीच दाढी उरलीये! अर्ध्या दाढीचा राजा असतो का कुठं?"

प्रोवीनं कात्री परत गळ्यात घातली. "मी काय म्हटलं होतं? बाळ रडता कामा नये. रडलं का?"

"नाही, पण..."

"दाढी खरी आहे का?"

"घोडीलाच विचार," मोन्चो म्हणाला.

तर झाला तेयो राजा. पण घोर लागलाच ना त्याला! घरी आरशासमोर बसला. उजवीकडं दाढी, डावीकडं खुंट. सगळीच काढावी तर राजा बिनदाढीचा. ठेवावी तर पोरं विचारणार. "काय सांगू मी त्यांना?" म्हणायला लागला. "कापसाची दाढी निघाली तेव्हाची रडारड मला आठवतीये, मोन्से. माझ्यामुळं तसं झालं तर मी मुकुट परत देतो."

 दुसऱ्या दिवशी फाटकाशी शेजारची पोरगी आलीच विचारायला, "गास्पारची अर्धी दाढी घोड्यानं खाल्ली म्हणतात, खरं?"

मोन्से कपडे वाळत घालत होती. मागं न बघता म्हणाली, "खाणार नाही तर काय करणार? इतक्या लांबून येतं बिचारं. मागच्या वर्षी तुम्ही खोक्यात गवत किती ठेवलं होतं, आठव बरं."

पोरगीचं तोंड पडलं. तिनं चार काड्या ठेवल्या होत्या. पळाली ती थेट.

मग काय विचारतेस! राजे यायच्या आदल्या संध्याकाळी वस्तीतली सगळी पोरं विळे, कात्र्या, हातांनी गवत उपटत सुटली. रस्त्याच्या कडा साफ. चर्चचं अंगण साफ. प्रोवीच्या दारातली हिरवळ इतकी साफ की तिथं कोंबडी लपायला जागा राहिली नाही. बुटांची खोकी पुरेनात. पलंगाखाली बादल्या, टोपल्या, एकाच्या घरी तर अंघोळीचा टब. मोन्सेच्या परसातलं गवती चहाचं बेटही कुणीतरी बुडापासून नेलं. मोन्चोची घोडी पुढं कितीतरी दिवस दुसरं काही खाईना.

आणि सणाच्या दिवशी तेयो आला, कानेलावर बसून, मुकुट ठाम. पोरांनी दाढी पाहिली, एकमेकांना कोपरं मारली. एकही रडलं नाही. उलट एक बारका खिशातून मूठभर गवत काढून घोडीला म्हणाला, "घे, पण राजाला सोड."

नव्या बाळांची रांग लागली. तेयोनं मिग्दालियाच्या डबीतला तळाचा बाम लावला होता, वाटाण्याएवढा. बाळं आली, गेली, कुणी कुरकुरलं, कुणी झोपेतच होतं. रांग संपली असं वाटलं आणि शेवटी पाहतो तर मोन्से उभी. हातात बाळ बीळ काही नाही.

"तुझं काय?" तेयो म्हणाला.

"माझा पापा राहिलाय ऑगस्टपासूनचा."

तेयो वाकला, मग थबकला. "टोचेल."

"टोचू दे." तिनं गाल वर केला, मग घाईनं तोंड फिरवून दुसरा पुढं केला. "पण ह्या बाजूनं घे. घोडीनं खाल्लेल्या."