उजेडातलं लाकूड

ते लाकूड मी उजेडात तोडलं होतं. हे वाक्य परवापर्यंत मी कुणापुढेही उच्चारलेलं नव्हतं. घरात नाही, दारात नाही, देवापुढे हात जोडूनही नाही. आता कागदावर उतरलं तर किती किरकोळ दिसतं! उजेडात म्हणजे उजेडाच्या पंधरवड्यात, चंद्र वाढत असताना. आमच्या सेनगावकडच्या खेड्यात अवजारांच्या दांड्यांसाठी बाभूळ तोडायची ती अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदण्याबरोबर झाडात गोडी चढते आणि त्या गोडीला भुंगा लागतो, असं जुनी माणसं सांगत. मला हे माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय असती तर मी ती केव्हाच घेतली असती.

परवा हिंगोलीत एका हार्डवेअरच्या दुकानात खुरप्याला मूठ आहे का म्हणून विचारायला गेलो. दाराशी ड्रममध्ये निलगिरीचे दांडे उभे करून ठेवले होते, सगळे एका उंचीचे, एका जाडीचे, वार्निशनं चकाकणारे. "मूठ?" दुकानातला पोरगा हसला. "हैंडल बोलो ना काका. लकडीचा देऊ का फायबरचा?" मी काहीच घेतलं नाही. पण त्या वार्निशच्या वासात उभा असताना नाकाला एकाएकी दुसराच वास आला: तासल्या बाभळीचा, तुरट, थोडा ओल्या मातीसारखा. तो वास आमच्या गावच्या सुतारमामांच्या अंगणातला.

मामा म्हणजे नात्यातले नव्हेत, गावानं मानलेले. धरायच्या जागेला त्यांच्याकडे एकच एक नाव कधी नसे. कुऱ्हाडीला, कुदळीला दांडा. विळ्याला, खुरप्याला मूठ. वखराला रुमणं, कारण त्यावर माणूस आपला सगळा भार रेलून देतो. जात्याला खुंटा, पळीला दांडी, कढईला कान. पाटलांच्या घरची तलवार खंडेनवमीला पूजेसाठी निघायची. तिच्या मुठीला निजामाच्या अमलातले म्हातारे अजून कब्जा म्हणत, आणि मामा तो शब्द मोठ्या अदबीनं उच्चारत. तलवारीशेजारच्या भाल्याला मात्र दांडा म्हटलेलं त्यांना खपत नसे. "दांडा वरून खाली येतो बापू. भाल्याची ती काठी. काठी पुढं जाती." कुणी चुकून खुरप्याचा दांडा म्हटलं की त्यांच्या हातातला लाकूड तासायचा वाकस थांबायचा. "दांडा तुझ्या पाठीत घालीन. दोन हातांनी धरतो त्यो दांडा, एका हातात मावती ती मूठ. येवढं बी कळत न्हाई अन् म्हनं बी.ए. झालं!" कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण तर त्यांच्यासमोर काढायचीच नाही. "दांड्याला काहून बोल लावता? धरणाऱ्याला इचारा," म्हणायचे.

मूठ घडवण्याआधी ते त्या माणसाचा हात बघत. हातात हात घेऊन पंजा उघडत, मिटत, बोटांवर अंगठा फिरवत. बायकांच्या बाबतीत नुसतं "मूठ वळा बरं वहिनी" म्हणून लांबूनच अंदाज घेत. माझ्या चुलतीची मूठ मध्ये किंचित फुगीर, शेवटाला निमुळती. वडिलांच्या कुदळीचा दांडा इतरांपेक्षा चार बोटं लांब. अंधारात ढिगातून उचललं तरी आपलं ते आपल्याला कळे. मला वाटतं, आपल्यासाठी कुणीतरी नीट माप घेतलं आहे, या सुखाची गावाला तेव्हा इतकी सवय होती की ते सुख आहे हेही कुणाच्या ध्यानात येत नसे.

दरसाली कुणाच्या तरी बांधावरची एक जुनी बाभूळ दांड्यांसाठी द्यायची आणि मामांनी त्यातून गावभराला दांडे, मुठी पुरवायच्या, असा रिवाज होता. त्या साली पाळी आमची होती. मी बावीस वर्षांचा, शिकून घरी बसलेला, आणि गावच्या व्हॉलीबॉल संघाचा कप्तान. अंधारा पंधरवडा सुरू झाला की आमचे सामने होते आखाडा बाळापूरला. सामने सोडवेनात. म्हणून पौर्णिमा चार दिवसांवर असताना मी बाभूळ आडवी केली, बांधाशीच टाकून ठेवली आणि सामने खेळून आल्यावर ओंडके बैलगाडीत घालून मामांच्या अंगणात नेऊन टाकले. मामांनी सालीवर नख ओढलं, लाकडावर टिचकी मारली, वास घेतला. पुन्हा एकदा टिचकी मारली.

"अंधारातलं हाय नव्हं?"

"व्हय मामा. बराबर अंधारातलं."

एवढंच. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या टिचकीनं त्यांना काहीतरी सांगितलं असावं, पण माझा शब्द त्यांनी टिचकीच्या वर धरला.

श्रावणात मुठींतून पीठ गळू लागलं. भर निंदणीत बायांच्या हातात नुसतं खुरप्याचं पातं उरायला लागलं. आधी चेष्टा झाली, मामांनी पिठाची गिरणी काढली म्हणून. मग एका सकाळी माझी चुलती पारावर आली. गाव जमलेलं, मामाही बसलेले. तिनं पदरातून आपल्या मुठीचा भुगा काढला आणि त्यांच्या पुढ्यात ओतला. "घ्या भाऊजी, तुमचं पीठ. लेकरं उपाशी हायेत आमची, थापा भाकरी याच्या." सगळे हसले. मीही तिथे होतो, खांबाला टेकून. मामांनी मान वर केली नाही. तो भुगा चिमटीत घेऊन ते नुसते बघत राहिले. त्यांना त्यात स्वतःचा हात दिसत असावा, चुकलेला.

त्यानंतर त्यांनी दांडा घडवला नाही. वर्षभरात गाव सोडून कनेरगाव नाक्याला गेले, ढाब्यांसाठी लाकडी बाजा ठोकू लागले, पुढे दारं-चौकटी. बरं चाललं त्यांचं, असं कानावर यायचं, आणि त्या ‘बरं’वर मी बरीच वर्षं काढली. शिवाय शिकलेला होतो. चंद्राचा आणि भुंग्याचा काय संबंध, असं स्वतःला विचारून गप्प बसता येत होतं.

दुकानातून निघालो तो घरी गेलोच नाही. वाशिमच्या रस्त्याला लागलो, कनेरगाव नाक्याकडे. मामा आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेकाचं काम बघत खुर्चीवर बसले होते. ओळखलं त्यांनी. चहा सांगितला. चहा येण्याआधी मी सांगून टाकलं, कारण चहा पिऊन मग सांगायचं ठरवलं असतं तर मी चहा पिऊन परत आलो असतो.

रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग दुसरा.

"उजेडातलं हाय म्हणला असतास," ते शेवटी म्हणाले, "तर महिनाभर डोहात बुडवून ठिवलं असतं. पाणी गोडी काढून घेतंय. दांडे जरा उशिरानं झाले असते, बस."

चंद्राचा संबंध असो नसो, उपाय होता, आणि तो त्यांना ठाऊक होता. त्यासाठी फक्त खरं उत्तर हवं होतं.

"मला वाटलं माझी टिचकीच बहिरी झाली," ते म्हणाले. मग एकाएकी हसायला लागले, खांदे हलेपर्यंत. "लेका, जितला तरी का सामना?"

"नाही मामा. पहिल्याच फेरीत गेलो."

"मंग बरं झालं!" डोळे पुसत ते लेकाकडे वळले. "ऐकलं का रे? माझा हात चांगला व्हता!" लेकाला काय कळलं कोण जाणे, रंधा थांबवून तोही हसला. चहा आला, आम्ही बशीतून प्यालो. ऊन उतरत होतं, ताज्या भुशाचा वास होता, आणि इतक्या वर्षांत प्रथमच मी त्या वासात निवांत बसलो होतो. त्यांनी माझा पंजा ओढून घेतला, उघडला, मिटला. कचेरीतला मऊ हात म्हणून नाक मुरडलं आणि धावड्याच्या चिवट लाकडाचा एक तुकडा शोधायला लेकाला आत पिटाळलं. पंधरा दिवसांनी मूठ न्यायला ये म्हणाले.

मी उठलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं, अगदी सहज, "वहिनी हायेत का अजून?"

आहे. चुलती गावातच आहे, सत्तरी ओलांडलेली, संध्याकाळी पारावर बसते. तिनं ज्या पारावर त्यांच्यापुढे भुगा ओतला, त्याच पारावर, माणसं जमलेली असताना, चूक माझी होती असं मला तिला सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.