ठमीला नवं खाणं लावताना

डॉक्टर मॅडमनी आमच्या मांजरीचा, ठमीचा, कान उलटा करून दाखवला. आतली कातडी पिवळी होती, हळदीचा हात लागावा तशी. मग त्यांनी ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. त्याही तशाच.

"हिपॅटिक लिपिडोसिस. किती दिवस झाले जेवली नाही?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या कुत्र्यांच्या तक्त्याकडे बघत होते. शेवटी मीच सांगितलं, पाच दिवस.

हिपॅटिक लिपिडोसिस म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साचणं. लठ्ठ मांजर जेवायचं थांबलं की त्याच्या अंगातली चरबी मोडून लिव्हरकडे धावते. मांजराच्या लिव्हरला ती झेपत नाही, ते तुंबतं. मग मळमळतं, म्हणून मांजर आणखीच खात नाही. उपास बारीक मांजरापेक्षा जाड्या मांजराला जास्त बाधतो, हे मला साठी जवळ आली तरी ठाऊक नव्हतं. तुमच्याही सोफ्यावर अशीच एखादी गुबगुबीत बया लोळत असेल, म्हणून हे लिहिते आहे.

ठमी आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटबाहेर कधी गेली नाही. माझा शिवणाचा क्लास चाले तोवर ती चिंध्यांवर झोपायची आणि संध्याकाळी ह्यांच्या मांडीवर. ती ह्यांचीच. रिटायर झाल्यापासून ह्यांचं माझ्याशी बोलणं कामापुरतं, ठमीशी मात्र तासन्‌तास. जेवताना अर्धा घास तिचा. साय, शेव, तूपभात, काही वर्ज्य नव्हतं. पलंगावर उडी मारता येईना तेव्हा डॉक्टरांकडे नेली, तर वजन सात किलो. वजन उतरवा, नाहीतर डायबिटीस होईल, असं मॅडम म्हणाल्या.

ह्यांनी मोबाईलवर वाचून वाचून कच्च्या मांसाचं तयार खाणं शोधून काढलं. मॅडमना ते फारसं पसंत नव्हतं, कच्च्यात जंतू असतात. "द्यायचंच असेल तर जुन्या खाण्यात चिमूटभर मिसळा आणि दोन-तीन आठवडे घेऊन हळूहळू बदला," असं त्यांनी बजावलं. थर्माकोलच्या डब्यातून गोठलेल्या वड्या आल्या. कोंबडीचा खिमा, काळीज, हाडांची पूड. माझे मटार फ्रीझरमधून बेघर झाले.

पण हळूहळू हा शब्द ह्यांना लागू नाही. ह्यांनी वर्षानुवर्षांचा खर्रा एका दिवसात सोडलेला. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते, खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेली पुडी, आणि ती सहसा माणसाला सोडत नाही. ह्यांना सोडलं. तेव्हापासून सवय मोडायची तर एक घाव दोन तुकडे, हे ह्यांचं शास्त्र. मांजरांच्या तयार सुक्या दाण्यांची जुनी पिशवी ह्यांनी त्याच दिवशी चौकीदाराला देऊन टाकली.

ठमीने नवी वाटी हुंगली आणि माती लोटावी तसा शेजारच्या फरशीवर पंजा घासला. दुसऱ्या दिवशीही तेच.

"अहो, जुनं काहीतरी द्या तिला."

"काहून वं? भुकेले कोंडा अन् निजेले धोंडा. पोट बोललं का खाईल बरोबर. मले नाई का तरास झाला खर्रा सोडताना? सुटला का नाई?"

म्हण माणसांसाठी आहे. मांजर ती पाळत नाही. ठमी आधी रुसली, मग तिला पिवळ्या फेसाची उलटी झाली, मग ती बाथरूमच्या गार फरशीवरून उठेना.

त्या पाचव्या दिवशी मॅडमनी रक्त काढलं. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, फार वाढलेलं. सोनोग्राफीत लिव्हर सुजलेलं. सलाईन लागलं. आता ईसोफॅगोस्टॉमी ट्यूब घालायची होती, म्हणजे मानेला छोटं भोक पाडून अन्ननलिकेत नळी, तिच्यातून खाणं. त्यासाठी भूल हवी. "ती भूल सहन करेल याची खात्री मी देत नाही," मॅडम म्हणाल्या.

आम्ही बाहेर बसलो. मे महिना, कूलर नुसती गरम हवा फेकत होता. मी ह्यांना म्हटलं, "तुमच्या हट्टापायी मरतेय ती." हे उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा तोंडाला खर्ऱ्याचा वास होता. मला दोघांचीही काळजी वाटली, आतल्या तिची आणि शेजारच्या ह्यांची.

भूल तिने सोसली. घरी आणल्यावर सगळं ह्यांनी केलं. खाणं पातळ करून कोमट करायचं, सिरिंजने थेंबाथेंबाने सोडायचं, जखम पुसायची, जबडा उघडून गोळी घालायची, इंजेक्शन टोचायचं. ती धडपडायची. "झालं वं माय, एवढंच राह्यलं," असं म्हणत हे तिला टॉवेलात आवळून धरायचे. मध्येच पोटॅशियम उतरलं, म्हणजे स्नायूंना लागणारा क्षार कमी पडला, आणि तिची मान लुळी पडली. पुन्हा भरती. आठवड्याने पुन्हा घरी आणली.

मग एका दुपारी, हे बँकेत गेलेले असताना, मी पुन्हा आणून वाटीत ठेवलेल्या जुन्याच दाण्यांतले चार तिने आपणहून कुडकुडले. मी मशीन थांबवलं आणि रडले.

नळी निघाली त्या दिवशी मॅडम ह्यांना म्हणाल्या, "काका, तुमच्या हातांनी वाचली ही."

खरं आहे. पण ठमी आता त्या हातांना घाबरते. ह्यांची चप्पल वाजली की कपाटाखाली जाते. एकदा हौसेने उचललं तर मांडीवरच मुतली. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मांजर औषध विसरतं, हात विसरत नाही. काहींची भीती जाते, काहींची नाही."

वड्या टाकून दिल्या. आता मोजून दाणे, वजन सावकाश उतरतंय. मॅडमचे उपकार आहेत. तुम्हाला एवढंच सांगते, खाणं बदला, पण मांजराला उपाशी ठेवून बदलू नका. जाडं मांजर एक दिवस जेवलं नाही तरी डॉक्टर गाठा.

ठमीची वाटी अजून हेच भरतात. भरून गॅलरीत जातात आणि मागे दार ओढून घेतात, कारण हे समोर असले तर ती खात नाही. मग दाराआडून विचारतात, "खाऊन राह्यली का वं?"

मी हो म्हणते. तरी हे आत येत नाहीत. तिचं होईस्तोवर तिथेच उन्हात उभे राहतात.