आई हलली नाही म्हणून

मंडळी, दुपारपासून स्वप्नात असल्यासारखी बसलेय.

आमच्या आईचा एकही फोटो उरलेला नाही. होती ती फक्त भाचीच्या लग्नाची, श्रीरामपूरची व्हिडिओ कॅसेट. नेमका आईवर कॅमेरा आला आणि वीज गेली. व्हिडिओवाला कंदिलाच्या उजेडात शूटिंग करत राहिला आणि ओरडला, "आजी, हला की जरा! फोटो न्हाई ह्यो!" पण हललं की फोटो बिघडतो, हे आईच्या मनात पक्कं. ती श्वास रोखून बसली. सगळे हसले. वर तो मला म्हणतो, "बाई, ते कापून टाकू, नुसता अंधार हाय." मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, म्हणून तो शिव्यांतून वाचला; पण कापू काही दिलं नाही.

आज भाचीने ती कॅसेट संगणकात उतरवली. एकेका चित्रात उजेड चिमूटभरच. तिने शेकडो चित्रं एकावर एक ठेवून त्या उजेडाची बेरीज केली. आणि काळ्या पाण्यातून वर यावी तशी आई हळूहळू पडद्यावर आली. डोक्यावरचा पदर, हनुवटीवरचं गोंदण, सगळं.

"मावशी, जे हलले त्यांचा धूर झाला," भाची म्हणाली. "आजी गप बसली म्हणून दिसली."

आईच्या शेजारी एक पांढरट ढग आहे. ती मी. हातवारे करत व्हिडिओवाल्याशी भांडत होते.

तुमच्याकडे आहे का अशी 'काही दिसत नाही' म्हणून टाकलेली कॅसेट? पुसू नका. आत कुणीतरी स्वस्थ बसलेलं असेल.